उजव्या वळणाचा निकाल

२ जानेवारी, गुरुवार. मंगरूळपीर

आज जानराव आला. माझा धाकटा भाऊ कामाशिवाय गावाहून येत नाही आणि काम काय ते आधी सांगत नाही. तुरीच्या शेंगा दिल्या, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, चहा बशीत ओतून प्याला. मग म्हणाला, "ताई, रविवारी पंच म्हणून बसशील का?"

गॅरेजवाला विनोद जऊळक्याच्या अलीकडे मुरमाच्या माळावर जुन्या छोट्या गाड्यांची शर्यत भरवतो. गेल्या वर्षी दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि चूक कोणाची यावरून दोन गावांची माणसं काठ्या घेऊन उभी राहिली. यंदा प्रकरण मोठं आहे. पुण्याचे एक गृहस्थ खऱ्या मोटार शर्यतींचा संघ चालवतात. इथे जो पहिला येईल त्याला ते वर्षभर आपल्याकडे शिकायला ठेवणार आहेत. जागा एकच. म्हणून कोणी वाद घालणार नाही असा पंच हवा.

"मला गाडी चालवता येत नाही," मी म्हटलं.

"निकाल तं देता येते."

"योगिनी पण गाडी पळवणार आहे ना? मी तिची आत्या."

"म्हणूनच तं. तुह्यावर कोणी बोट ठेवत नाही. माह्या धुऱ्याच्या भांडणात तू माह्याच विरुद्ध निकाल दिला. साऱ्या गावानं पाह्यलं."

मी गावच्या तंटामुक्ती समितीची अध्यक्ष होते तेव्हाची, त्याच्या शेताच्या बांधाच्या वादाची गोष्ट. त्यानंतर हा माझ्याशी दोन वर्षं बोलला नाही. आज त्यानेच ती अभिमानाने सांगितली. बरं वाटलं. उशिरा का होईना, माणसाला कळतं.

आणखी एक चांगलं. मुलीचं गाडी पळवणं त्याला कधीच पसंत नव्हतं. यंदा त्याने हरकत घेतलेली नाही. मी होकार दिला.

४ जानेवारी, शनिवार

विनोदने नियमांचे कागद आणून दिले. सकाळपासून साबणाच्या दोन वड्या गाड्या समजून टेबलावर सरकवत बसले आहे.

मागून येऊन पुढे जाणाऱ्याने काळजी घ्यायची, टक्कर झाल्यास जबाबदारी त्याची. इथवर स्वच्छ आहे. पण वळणाच्या तोंडाशी मागच्या गाडीचं पुढचं चाक पुढच्या गाडीच्या दारापर्यंत पोचलेलं असेल तर तिचा हक्क तयार होतो. मग पुढच्याने तिच्यापुरती जागा सोडलीच पाहिजे.

मी विनोदला फोन करून विचारलं, "वळणाचं तोंड म्हणजे नेमकं कुठे?"

"जिथं स्टेअरिंग फिरवता तिथं."

"सगळे एकाच ठिकाणी फिरवतात का?"

"नाही."

"मग?"

"मग तुमी हाय ना, वकीलबाई."

अकोल्याला कायदा शिकले, नंतर इथल्या तहसिलीत आणि कोर्टात शेतरस्त्यांच्याच केसेस लढले. त्यात निदान रस्ता एका जागी पडून असायचा. वहिवाटीचा हक्क तयार व्हायला वर्षानुवर्षं लागायची, त्यामुळे विचार करायला वेळ मिळायचा. इथे हक्क जन्मतो कधी आणि मरतो कधी, तेच दिसत नाही. एक वडी हातातून सुटून मोरीत गेली.

५ जानेवारी, रविवार

व्हायचं तेच झालं.

शेवटची फेरी. चार गाड्या. टँकरने पाणी मारलं होतं, पण दुपारपर्यंत माळ पुन्हा उडायला लागला होता. सर्वांत पुढे बादलची निळी गाडी. बादल तांड्यावरचा, एरवी रिसोडच्या रस्त्यावर प्रवासी जीप चालवतो. त्याच्या मागे योगिनीची पांढरी. शेवटच्या उजव्या वळणावर पांढरी आतून शिरली, निळी आत वळली, आणि एक आवाज झाला. निळी गरकन फिरून तुरीच्या धसकटांत जाऊन बंद पडली. पांढरी तशीच पुढे जाऊन पहिली आली.

दोघांनाही खरचटलं नाही. गर्दी मात्र धावली. एक बाजू म्हणे तिने ठोकलं, दुसरी म्हणे त्याने दाबलं. मी लाऊडस्पीकर हातात घेतला आणि सांगितलं की निकाल राखून ठेवला आहे, चाकोरीवर कोणी पाय ठेवायचा नाही, आत्ता स्थळाचा पंचनामा होईल.

"पंचनामा?" विनोद म्हणाला.

"पंचनामा."

चुन्याने खुणा केल्या, टेप धरला, चहावाला आणि टँकरवाला यांना पंच केलं. पांढऱ्या गाडीचा डावा पुढचा कोपरा निळीच्या उजव्या बाजूच्या मागच्या दारावर लागलेला. म्हणजे चाक दारापर्यंत पोचलं होतं. पण मागच्या. नियमात नुसतं 'दार' लिहिलं आहे. पुण्याच्या गृहस्थांना फोन केला. ते म्हणाले, "आमच्या गाड्यांना एका बाजूला एकच दार असतं हो. तुम्हीच ठरवा. स्थानिक निकालात मी पडत नाही."

पुण्याची दारं पुण्यात. इथे एका बाजूला दोन आहेत, त्याचं मी काय करू?

प्रश्न सरळ आहे. चूक योगिनीची ठरली तर ती बाद आणि पुण्याची जागा बादलला. चूक बादलची ठरली तर ती पहिली आलेली कायम. मधलं काही नाही. तंटामुक्तीत दोघांना समोरासमोर बसवून निम्मंनिम्मं करता यायचं. जागा निम्मी करता येत नाही.

६ जानेवारी, सोमवार

विनोदच्या गॅरेजात दोघांचे जबाब घेतले, वेगवेगळे.

योगिनी म्हणाली, "मी त्याच्या मागं होती. डिपर मारला. त्यानं हात दिला. मी आत घातली."

"हात दिला म्हणजे?"

"साइड दिली, आत्या. रोडवर देतात तसा. खिडकीतून हात काढून, जाय पुढं म्हणून."

"तुला स्पष्ट दिसला?"

"दिसला."

मग बादल. तो म्हणाला, "हातबित काही नाही. मी कायले हात देऊ?" तेव्हा विनोदने एका पोराच्या मोबाइलवरचं चित्रण लावलं. धुळीत बरंचसं दिसत नाही, पण पांढऱ्या गाडीचे दिवे लुकलुकतात आणि लगेच निळीच्या खिडकीतून एक हात बाहेर येऊन पुढे हलतो, एवढं स्वच्छ दिसतं. बादलने ते तीनदा पाहिलं. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"माहाच हाय," तो म्हणाला. गॅरेजातली सगळी हसली. तोही हसला. "सवय हाय वकीलबाई. मागून कोणी डिपर मारला की निंघते तो. मले इचारत नाही."

"म्हणजे तू तिला वाट दिलीस?"

"शर्यतीत कोण वाट देते? मी तं लाइन धरून वळलो."

"मग हात कोणाचा?"

"हात माहा. पण मी नाही दिला."

मी तीस वर्षं उलटतपासण्या घेतल्या. खोटं बोलणारा मला दाराशीच कळतो. इथे कोणी खोटं बोलत नाही. दोघंही खरं बोलतात आणि गाडी तर फुटली आहे.

८ जानेवारी, बुधवार

न्यायाधीशाने जागेवर जाऊन पाहावं, हे माझं पहिल्यापासूनचं मत. आज बादलच्या जीपने रिसोडला गेले. बाजारात काम नव्हतं. पुढच्या सीटवर बसले आणि त्याचा हात पाहत राहिले.

तो म्हणाला ते खरं आहे. मागून दिवे लागले की हात बाहेर. बोलणं चालूच. आई धुरपताबाईच्या डोळ्याचं ऑपरेशन कसं झालं ते तो सांगत होता. सांगताना दोन ट्रक आणि एक बोलेरो पुढे गेली, तिन्हींना हात. मी म्हटलं, "आत्ता हात काढलास." म्हणाला, "कव्हा?"

मागे बसलेल्या एक बाई म्हणाल्या, "हा झोपेतही काढत असन. बायको आली की समजन."

"पुण्याले गेलो तं सुटन सवय," बादल म्हणाला. "तिथं म्हणे खिडकीले जाळी असते. जीप भावाले देऊन टाकीन. तो बी ऊसतोडीले जाऊन जाऊन थकला."

मग त्याला काही आठवलं. "तुमची योगिनी इथंच बसे. तुमी बसल्या तिथं. रिसोडच्या कॉलेजले होती तव्हा. मले म्हणे, बादलभाऊ, तुह्या हाताले वेगळा पगार देत जाय." आणि खूप हसला.

योगिनीला थट्टेची सवय आहे. मोठ्यांशी असं बोलणं बरं नाही. भेटल्यावर सांगायला हवं.

परत येताना मुद्दे मांडले. सवय म्हणजे इच्छा नव्हे. जी गोष्ट माणसाला स्वतःलाच माहीत नाही, ती त्याने दिली कशी म्हणायची?

९ जानेवारी, गुरुवार

गॅरेजात निकाल वाचला. बादलचा हात सवयीने निघालेला आहे, त्यात वाट देण्याचा हेतू नाही. पांढऱ्या गाडीचं चाक मागच्या दारापर्यंतच पोचलं होतं, ते पुरेसं नाही. मागून येणाऱ्याची जबाबदारी. चूक योगिनीची. योगिनी बाद.

जानरावने सर्वांत आधी हात जोडले. "मान्य," म्हणाला, तेही मोठ्याने. स्वतःच्या मुलीविरुद्धचा निकाल इतक्या मोकळेपणाने मान्य करणारा बाप मी पाहिलेला नाही. बादल खुश झाला, पण जरा चकितही दिसला. मागे कोणी तरी म्हणालं, "वकीलबाई म्हंजे वकीलबाई." खोटं कशाला लिहू, ते कानाला गोड लागलं.

निघताना योगिनी माझी पिशवी उचलून रिक्षापर्यंत आली आणि म्हणाली, "आत्या, मी जानराव पाटलाची पोरगी नसती, तं काय लिहिलं असतंस?"

"हेच," मी म्हटलं. विचार करायची गरजच नव्हती.

११ जानेवारी, शनिवार

हरभऱ्याची भाजी निवडत होते आणि एक जुनी केस आठवली. ती आधी का आठवली नाही?

एका शेतकऱ्याने शेजाऱ्याला आपल्या वावरातून बैलगाडी नेऊ दिली. हक्क नव्हता, फक्त हो म्हणाला होता. गाडी कापूस भरून परत येईस्तोवर त्याचं मन बदललं आणि त्याने तोंडाशी काट्या टाकून वाट बंद केली. गाडी आत, बैल आत, माणूस आत. मी गाडीवाल्याकडून उभी राहिले. म्हटलं, उद्यापासून वाट देऊ नका, तुमची मर्जी. पण जो तुमच्या होकारावर आत शिरला आहे, त्याला आधी बाहेर पडू द्या. कोर्टाला ते पटलं होतं.

त्या शेतकऱ्याने 'हो' विचार करून म्हटलं होतं की सवयीने, हे कोणी विचारलं नव्हतं. विचारायचं कारणच नव्हतं. आत शिरणाऱ्याला होकार दिसला, एवढं पुरेसं होतं. मग बादलचा हात सवयीचा होता की मनाचा, यावर मी पानभर का लिहिलं? आणि मागचं दार पुरेसं नाही, हे कुठल्या आधारावर? नियमात तर 'दार' एवढंच आहे. जिथे दोन अर्थ निघत होते तिथे मी दर वेळी योगिनीच्या विरुद्ध जाणाराच घेतला. हे सगळं योगायोगानेच झालं असणार.

नियमांत एक कलम आहे. जागा प्रत्यक्ष देण्याआधी पंचाला स्वतःची चूक दिसली तर त्याने ती दुरुस्त करावी. 'करावी' असं आहे, 'करता येईल' असं नाही.

पण दुरुस्त केलं तर लोक काय म्हणतील, तेही मला ठाऊक आहे. आयुष्यभर जे कोणी म्हणू शकलं नाही, ते म्हणतील. भाजी तशीच राहिली, खिचडी टाकली.

१२ जानेवारी, रविवार

दुसरा निकाल वाचला. वाट दाखवणारा हात दिसला, त्यावर विसंबून गाडी आत शिरली, त्यानंतर वाट बंद करता येत नाही. चूक बादलची. योगिनी पहिली.

मागून आवाज आला, "झालं. भाची पास." मी चष्म्यावरून पाहिलं, पण कोण ते कळलं नाही. विनोद पाना घेऊन उगाच एक नट आवळत बसला.

मी बादलला विचारलं, "तुला काही म्हणायचं आहे?"

"म्हणू?"

"म्हण."

"तुमी भाचीची बाजू घेतली वकीलबाई. पण निकाल मले बी बरोबरच वाटते. हात तं म्याच काढला."

हे एकाच वेळी कसं खरं असेल, मला समजत नाही. त्याला मी तसं म्हटलं. तो म्हणाला, "मले बी नाही समजत," आणि जीपची वेळ झाली म्हणून गेला. जाताना पायरीवर ठेचकाळला.

जानरावने आज हात जोडले नाहीत. मुलगी जिंकली आणि बाप न बोलता निघून गेला. मी काही चुकीचं वाचलं का, म्हणून कागद पुन्हा तपासला.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

तिळगूळ घेऊन गावी गेले. जानराव ओसरीत होता. तिळगूळ घेतला, तोंडात न टाकता मुठीत धरून ठेवला.

"तुह्यावर भरोसा होता, ताई."

"कसला?"

"तू आपल्या माणसाच्या बाजूनं निकाल देत नाही, याचा. म्हणून तं तुले बसवलं."

मला कळलं नाही. त्याने समजावून सांगितलं, एखाद्या अशिलाला सांगावं तसं. मुलीला नाही म्हटलं असतं तर ती त्याच्याशी बोलली नसती. हो म्हणायची हिंमत नव्हती. कुठे ना कुठे ठोकाठोक होणारच, गेल्या वर्षी झाली होती. मी पंच असले की चूक तिचीच ठरणार. मग ती घरी राहिली असती आणि नाही म्हणणारा तो नसता.

"म्हणजे तुला माझा न्याय नको होता?"

"न्याय कोणाले पाह्यजे होता? मले पोरगी पाह्यजे होती." मग हळू आवाजात, "त्या गाड्या पाह्यल्या का तू? पत्रा कसा दुमडते?"

मी उठून आले. एसटीत विचार करत होते. पहिला निकाल त्याने आधीच गृहीत धरला होता. मी साबणाच्या वड्या सरकवत होते, टेप धरत होते, रिसोडला जात होते, आणि निकाल त्याच्या खिशात तयार होता. असं असेल तर धुऱ्याच्या भांडणात मी काय केलं होतं? तिथे तरी जानराव खरोखर चुकला होता ना? मोजणीचा नकाशा होता. नकाशा होता, हे मला नक्की आठवतं.

एक समाधान आहे. दुसरा निकाल मी हे कळायच्या आधी दिला. म्हणजे तो रागातून आलेला नाही. तो फक्त पुराव्यावर आहे.

१८ जानेवारी, शनिवार. जऊळका

योगिनी आज गेली. इथून अकोला, तिथून पुण्याची गाडी. सामान न्यायला बादलचीच जीप होती. दुसरी कोणाची मिळाली नाही की तिने दुसरी पाहिलीच नाही, मी विचारलं नाही.

जानराव स्टेशनवर आला नाही. घरासमोर खाटेवर बसून होता. ती पाया पडली तेव्हा तिच्याकडे न पाहता म्हणाला, "पट्टा लावत जाय." बास.

बादल जीपपाशी थांबला. आम्ही दोघी फलाटावर बाकावर बसलो. गाडी उशिरा होती. योगिनी खुशीत होती, पाय हलवत बसली होती, लहानपणी बसायची तशी. मी म्हटलं, पोचल्यावर फोन कर. म्हणाली, करते. मग मला वाटलं, एक मुद्दा जबाबात राहूनच गेला आहे, नोंदीसाठी विचारून घ्यावा.

"तू डिपर का मारलास? नियमांत तर तसं काही नाही. शर्यतीत बाकी कोणी मारत नव्हतं."

ती माझ्याकडे बघायला लागली. मी थट्टा करते आहे असं तिला वाटलं असावं.

"त्यानं हात काढावा म्हणून, आत्या. डिपर मारला की तो हात काढते. एक हात बाहेर असला की वळणावर गाडी रुंद जाते, आत जागा होते. दोन वर्षं पाह्यलं ना मी." मग म्हणाली, "तुले माहीत होतं ना? तू तं रिसोडपर्यंत जाऊन पाहून आली."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. तेवढ्यात गाडी आली आणि सामान चढवायची घाई झाली. खिडकीतून ती काही तरी ओरडून सांगत होती, ते ऐकू आलं नाही.

हात दिसला आणि ती विसंबली, यावर माझा निकाल उभा आहे. ती विसंबली नव्हती. हात तिनेच त्याला बाहेर काढायला लावला होता. पण कोणी त्याचा हात धरून बाहेर ओढला असंही नाही. आणि अशी युक्ती करू नये, असं नियमांच्या चार पानांत कुठे लिहिलेलं नाही. मग ही चूक आहे की हुशारी? पुण्याच्या गृहस्थांना विचारलं तर ते खुश होतील, असं मला वाटतं. कोर्टात विचारलं तर होणार नाहीत. मी 'दिसला का' विचारलं, ती 'दिसला' म्हणाली. पुढचा प्रश्न माझा होता.

जागा दिली गेली आहे. आता दुरुस्तीचं कलम लागू होत नाही. ते पुन्हा वाचून पाहिलं.

बाहेर बादल बॉनेटला टेकून उभा होता. "गेली?"

"गेली."

जीप सुरू केली. फाटकापाशी थांबलो तेव्हा म्हणाला, "काई म्हणे का?"

त्याला ऐकायचा हक्क होता. गाडी त्याची फिरली, जागा त्याची गेली. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं.

"पोचल्यावर फोन करते म्हणाली," मी म्हटलं.

हे खोटं नाही. ती तसं म्हणालीच होती.